शेवटचे बत्तीस शब्द

बैठक चारची म्हणजे चारची. दादा आणि वहिनी साडेचारला दारात उभे राहिले, तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी पहिलं कार्ड हातात धरून अर्धा तास तसेच बसलेले होते.

"आलात? बसा," एवढंच म्हणाले.

चार वर्षांनी मुलगा घरात पाऊल टाकतो आणि बाप आधी घड्याळाकडे बघतो, मग मुलाकडे. पण दादाला त्याचं काही वाटलं नाही, कारण तो याच बापाच्या हाताखाली वाढलेला. त्याने कोट खुर्चीला अडकवला, आईच्या खांद्यावर हात ठेवला, "कशी आहेस गं आई?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बसला. वाट बघितली असती तर पुढचं सगळं जरा आधीच झालं असतं. या घरातल्या पुरुषांना प्रश्न विचारायची सवय आहे, उत्तर ऐकायची नाही.

धाकटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, लिहायच्या जागी, पेनाचं टोपण काढून बसली होती. ही जागा तिला आठव्या वर्षी मिळाली, अक्षर चांगलं म्हणून. आता ती अडतीस वर्षांची आहे आणि अक्षर अजून चांगलंच आहे, त्यामुळे जागा काही सुटलेली नाही.

समोर बत्तीस शब्दांच्या चिठ्ठ्या होत्या. बाबा त्यांना चिठ्ठ्या म्हटलेलं खपवून घेत नसत, कार्डं म्हणायचं. ही बत्तीस कार्डं पार पडली की बाबांची भाषा पुरी होणार होती. एक्केचाळीस वर्षं चाललेलं काम. उद्या सकाळी जगभाषा करणाऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस येऊन तीन हजार शब्दांची यादी छापायला नेणार होते.

बाबा निवृत्त होईपर्यंत टपालखात्यात न पोचलेल्या पत्रांवर बसायचे. कुठकुठल्या देशांतून आलेली, पत्ता कोणाला वाचता न आलेली पत्रं रोज पोत्याने त्यांच्या टेबलावर ओतली जात. एका माणसाला दुसऱ्याशी बोलायचंय आणि मधे फक्त लिपी आडवी येतेय, हे त्यांना सहन होईना. मग त्यांनी साऱ्या जगासाठी एक भाषा करायला घेतली. पाच स्वर, अकरा व्यंजनं, जोडाक्षर एकही नाही. दात नसलेल्या माणसालाही बोलता आली पाहिजे. सगळं व्याकरण एका पोस्टकार्डाच्या मागे मावतं. तिच्यात स्त्रीलिंग नाही, पुल्लिंग नाही, आदरार्थी बहुवचन नाही. "बाबांना 'ए, तू' म्हणायची हीच काय ती सोय," असं दादा पूर्वी म्हणायचा. आणि तिला नावही नाही, कारण नाव दिलं की ते कुणाचं तरी होतं. आई तिला 'माझी सवत' म्हणायची.

बाबांची अट एकच होती, पण कडक होती. शब्दाला कुठल्याही देशाचा, घराचा, माणसाचा वास येता कामा नये. तो पाण्याने धुतलेल्या पाटीसारखा पाहिजे. सुरुवातीला सात देशांतले सात पत्रमित्र शब्द तपासून पाठवत. हा आमच्याकडे शिवीसारखा लागतो, तो आमच्या प्रार्थनेत येतो, असं कळवत. पुढे पत्रं विरळ झाली. शेवटच्या मित्राच्या मुलीने दोन ओळींत वडील गेल्याचं लिहिलं, आणि साऱ्या जगाच्या वतीने शब्द पारखायचं काम या जेवणाच्या टेबलावर येऊन पडलं. हॉस्पिटलच्या चादरी दुरुस्त करणारी एक बायको, एक खोडकर मुलगा आणि लिहिणारी मुलगी. जगाला याचा पत्ता नव्हता हे बरंच होतं.

पद्धत अशी. बाबा शब्द दोनदा उच्चारायचे, मग बोटांवर दहा अंक मोजायचे. तेवढ्यात प्रत्येकाने बघायचं, आपल्याला काही आठवतं का. नाही आठवलं तर 'कोरा' म्हणायचं. आठवलं तर 'डाग'. डाग म्हणणाऱ्याने काय आठवलं ते सांगायचं, आणि धाकटीने ते कार्डाच्या मागे जसंच्या तसं उतरवायचं. तोवर बाबा पुढचं कार्ड शोधण्यात गढलेले असायचे, ऐकलं तर अर्धंमुर्धं. एक डाग पडला की शब्द बाद, आणि त्याच अर्थाचा दुसरा शब्द पुढे यायचा.

"लुमे," बाबा म्हणाले. "लुमे."

"डाग!" दादाने दहा होऊच दिले नाहीत. "माझ्या ड्रायव्हिंग शाळेत एक बाई आहेत, ब्रेक म्हणून भलतंच दाबतात. तेव्हा गाडी अशीच कण्हते."

"लिही," बाबा धाकटीला म्हणाले. दादाचे डाग निम्मे खोटे असतात हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. पण नियम म्हणजे नियम.

"तोसी. तोसी."

"कोरा."

"कोरा," वहिनी म्हणाली. ती या घरात येऊन सतरा वर्षं झाली, पण टेबलाशी बसली की अजून परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसते.

"कोरा," धाकटी म्हणाली.

आईचं मत शेवटी असायचं. निळ्या स्वेटरमध्ये, केस नीट विंचरलेली आई दहा होईपर्यंत थांबली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "कोरा."

बाबा हसले. त्यांनी कार्ड उजवीकडच्या पेटीत टाकलं आणि वहिनीकडे वळले. "बघितलंस? ही पूर्वी डागांची राणी होती. दहातले सहा शब्द एकटी मारायची. म्हणे ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक आठवलं, म्हणे कुण्या नर्सची शिंक आठवली. पंचवीस वर्षं भाषा हिने पुढे सरकू दिली नाही. आता तीन वर्षांत एक डाग नाही. आजचे सोडून सहाशे अठरा शब्द सलग कोरे! तुझ्या सासूबाईंनी शेवटी माझ्याशी तह केला."

आई त्यांच्याकडे बघून गोड हसली.

धाकटीने मान खाली घातली. तह वगैरे काही नव्हता. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आई स्वयंपाकघरात हातात झाकण धरून उभी होती आणि ते कशाचं झाकण आहे ते तिला आठवत नव्हतं. धाकटी चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करते. दिसत नसताना दिसतंय असं दाखवणारी माणसं तिला रोज भेटतात. आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाने वाचलेली अक्षरं ती पाठ करून ठेवतात, खुर्चीत बसतात, हसतात आणि धडाधड म्हणून दाखवतात. आई तशी हसू लागली होती. 'कोरा' हे उत्तर तिला फार सोयीचं होतं, कारण या टेबलावर ते नेहमीच बरोबर असायचं. काही आठवलं नाही म्हणून शाबासकी मिळणारं सगळ्या जगात हे एकच घर असावं. आणि बाबांना सांगायचं नाही, असं आईने धाकटीकडून वचन घेतलं होतं.

तेव्हापासून ती एकटी सांभाळत होती. आई दोनदा हरवली. एकदा चपला न घालता बसथांब्यावर सापडली, एकदा शेजारच्या इमारतीच्या जिन्यावर. बाबा आपल्या खोलीत शब्दांच्या वहीच्या सातशेव्या पानावर होते, त्यांना कळलं नाही. धाकटीच्या मैत्रिणी एकेक करून फोन करायच्या थांबल्या, कारण ती कुठे जाऊच शकत नव्हती आणि का जाऊ शकत नाही ते सांगूही शकत नव्हती.

बत्तिसावा शब्द पावणेसहाला पार पडला. बाबांनी पेटीचं झाकण लावलं, दोन्ही हात त्यावर ठेवले. मग वहिनीने टाळ्या वाजवल्या, दादानेही वाजवल्या, आणि त्या बघून आईनेही.

"आता दुसरी गोष्ट," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "मंडळाचं अधिवेशन आहे. यादी तिथे सगळ्यांसमोर ठेवायची. आणि नुसती ठेवून काय उपयोग? बोलून दाखवायला हवी. मी विचारणार, ही उत्तर देणार, वीस वाक्यं. आम्ही दोघं मंगळवारी निघतोय."

"कोण दोघं?" धाकटीने विचारलं.

"दोघं म्हणजे दोघं. मी आणि तुझी आई. दोन दिवसांचा प्रवास, दोन ठिकाणी गाडी बदलायची. सहा आठवडे राहायचं. तिकिटं झाली."

"वा!" दादा म्हणाला. "हे उत्तम केलंत. आईलाही जरा बदल."

धाकटीच्या डोळ्यांसमोर गाडी बदलायचं स्टेशन आलं. बाबा यादीची पेटी कवटाळून उभे आहेत आणि आई हसत हसत भलत्याच गाडीत चढतेय. तिथे आपली भाषा कुणाला येत नाही, तिला स्वतःचं नाव येत नाही.

"आई जाणार नाही," ती म्हणाली.

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "का बरं?"

"तिला झेपणार नाही. तुम्ही एकटे जा. नाहीतर दादा येईल तुमच्याबरोबर."

"मी? माझी शाळा कोण चालवणार?" दादा खुर्चीत पुढे सरकला. "आणि झेपणार नाही काय? चांगली धडधाकट बसलीय समोर. खरं सांगू का तुला? तुला तिला सोडवत नाही. ती सहा आठवडे गेली की तुला या घरात करायला काही उरत नाही, म्हणून हे."

"असं बोलू नका," वहिनी हळूच म्हणाली.

"का नको? कुणीतरी बोलायलाच हवं. आईला पिंजऱ्यात घातल्यासारखं ठेवलंय हिने. फोन केला तर हीच उचलते. कुठे न्यायचं म्हटलं तर हीच नको म्हणते."

धाकटीला रडू येत होतं आणि रागही येत होता. दोन्ही तिने गिळले, कारण त्यातलं एक बाहेर पडलं असतं तर मागोमाग सगळंच आलं असतं. दादा बोलला ते टोचलं, कारण त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. सहा आठवडे मोकळ्या घरात आपण काय करू, हे तिला खरोखरच सुचलं नसतं.

"तुम्ही भांडता कशाला?" बाबा म्हणाले. "जिला जायचंय तिलाच विचारू." ते आईकडे वाकले. पंचेचाळीस वर्षांत क्वचितच ऐकू आलेल्या मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "काय गं, येशील ना माझ्याबरोबर?"

आईने बोटांवर दहा होतील इतका वेळ विचार केला.

"कोरा," ती म्हणाली.

दादा खो खो हसला. "सहाशे एक्कावन्न!" बाबांनाही हसू आवरेना. बायकोने इतक्या वर्षांनी थट्टा केली याचा त्यांना कोण आनंद झाला. वहिनीही हसत होती. मग तिचं लक्ष न हसणाऱ्या धाकटीकडे गेलं, आणि ती हसायची थांबली. एवढ्यावरून तिला कळलं. तिने धाकटीचा हात टेबलाखाली धरला.

"सांग आता," ती म्हणाली. "जे आहे ते सांगून टाक."

"काय सांग?" दादा अजून डोळे पुसत होता.

"आईला आठवत नाही," धाकटी म्हणाली. "शब्दांचं नाही म्हणत मी. कशाचंच. तीन वर्षं झाली. दोन डॉक्टरांना दाखवलं. औषध चालू आहे, पण त्याने फक्त वेग कमी होतो म्हणाले."

"डॉक्टरांना कधी दाखवलंस?" बाबांनी विचारलं. "तुम्ही दोघी कुठे जाता? चष्मा बदलायला तेवढं..." ते मधेच थांबले. तीन वर्षांत बायकोचा चष्मा नऊ वेळा बदलला होता, आणि तिच्या नाकावर तोच होता.

"काहीच नाही म्हणजे?" दादाचा आवाज एकदम बारीक झाला. "मी आलो तेव्हा हसली की माझ्याकडे बघून."

"तू आलास तेव्हा मला कानात विचारलं, हे कोण. मी म्हटलं, तुझा मुलगा. तर म्हणाली, बरा दिसतो."

दादा आईकडे बघत राहिला. मग ते सहन न झाल्यामुळे धाकटीवर उलटला. "आणि तू मला सांगितलं नाहीस? तीन वर्षं? मी काय परका आहे?"

"तू फोनवर मला विचारायचास, आई कशी आहे. 'जरा आईला दे' असं एकदा तरी म्हणालास?"

"खरं आहे," वहिनी म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"त्यांच्या," वहिनी आईकडे बघत म्हणाली, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली.

बाबांनी विचारलं, "कुठल्या शब्दापासून?"

दादाने टेबलावर हात आपटला. "शब्द! बायकोला पोरं ओळखू येत नाहीत आणि तुम्हाला शब्दांचं पडलंय! अहो, माणूस आहात का कोण आहात?"

"कुठल्या शब्दापासून?" बाबांनी पुन्हा विचारलं, तेवढ्याच शांतपणे.

"तुम्ही म्हणता ते सहाशे अठरा," धाकटी म्हणाली. "आणि आजचे. तिचा शेवटचा डाग त्यांच्या आधीचा."

बाबा उठले. भिंतीशी कपाट होतं, त्यात वरच्या खणांत कोरे शब्द आणि खाली, गुडघ्यांपर्यंतच्या बारा खणांत, डागलेले. डागलेल्या कार्डांशी बाबांचा संबंध तेवढाच, खणात टाकण्यापुरता. मागे काय लिहिलंय ते त्यांनी कधी वाचलं नाही. त्यांच्या दृष्टीने ती वाया गेलेली बाजू. आज ते जमिनीवर मांडी घालून बसले, शेवटचा खण बाहेर ओढला आणि आजची दादाची आणि मधल्या तीन वर्षांतली धाकटीची कार्डं बाजूला सारत सारत मागे गेले. मदतीला कोणी उठलं नाही. शेवटी एका कार्डापाशी त्यांचं बोट थांबलं.

"मेवो," त्यांनी पुढची बाजू वाचली. मग कार्ड उलटलं. वाचायला त्यांना अडचण नव्हती, धाकटीचं अक्षर चांगलंच होतं, तरी ते अडखळत वाचत होते. "'डाग. आई. हे सकाळी दाढी करताना मधेच वस्तरा थांबवून आरशातून माझ्याकडे बघायचे, बोलायचे काही नाहीत, तेवढा वेळ. हे लिहू नकोस गं मेले, वाचतील ते.'"

दादा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. रस्त्यावर रविवारची माणसं मुलांना घेऊन फिरत होती.

"तू हेही लिहिलंस," बाबा म्हणाले. "लिहू नकोस म्हणाली तेही."

"जसंच्या तसं लिहायचं, हा तुमचाच नियम."

"पण मी वाचलं नाही." बाबांनी आणखी एक कार्ड उलटलं, मग आणखी एक. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. खणात शेकडो कार्डं होती आणि असे बारा खण होते. "मी समजत होतो, भांडण मिटलं. मला फार बरं वाटलं होतं गं. संध्याकाळी बसायचो दोघं, मी शब्द म्हणायचो, ती कोरा म्हणायची. आयुष्यात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं."

"ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. सुरुवातीला तिचं तिला कळत होतं तेव्हा मी म्हटलं होतं, बाबांना सांगू या. तर म्हणाली, नको. कोरा म्हटलं की हसतात माझ्याकडे बघून."

बाबांनी हातातली कार्डं खाली ठेवली. मग दादाला हाक मारली.

"चिटणीसांना फोन लाव. यादी मिळणार नाही म्हणावं. सहाशे पन्नास शब्द बाद. तिकिटं पण परत करायची."

"अहो बाबा, एक्केचाळीस वर्षं..." जन्मभर त्या भाषेची टिंगल केलेला दादा आता तिच्यासाठी गयावया करत होता. "राहू दे ना तसेच. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. आणि ते शब्द कोरे नाहीत. त्या प्रत्येकावर ही आहे."

दादा फोनकडे गेला. वहिनी आत चहा टाकायला उठली. धाकटी पेनाचं टोपण लावून बसली होती. सगळं सांगून टाकलं की ओझं उतरेल अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. उलट तिच्याकडे होतं तेवढंही गेल्यासारखं वाटलं. आईचं आणि तिचं असं जगात ते एकच होतं, आणि आता ते सर्वांचं झालं. आईने तिच्यावर रागवायला हवं होतं, वचन मोडलंस म्हणून डोळे वटारायला हवे होते. पण वचन घेतल्याचंही आता आईला आठवत नव्हतं. ती निळ्या स्वेटरच्या बाहीची घडी घालत आणि उलगडत बसली होती.

बाबा कपाटाला धरून उठले. त्यांनी आपली खुर्ची टेबलाच्या टोकाकडून ओढत आणली आणि आईच्या शेजारी लावली. ते कार्ड त्यांच्या हातात होतं. आईने ते बघितलं आणि ती सावरून बसली, हात मांडीवर ठेवून.

"मेवो," बाबा म्हणाले. "मेवो."

आणि बोटांवर मोजू लागले. दादा फोन हातात धरून दारात थांबला. वहिनी आतून आली होती. बाबा फार सावकाश मोजत होते. दहा झाल्यावरही ते थांबले नाहीत, अकरा, बारा, पुढेही मोजत राहिले, आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघत मन लावून विचार करत होती.

"कोरा," ती शेवटी म्हणाली, आणि वाट बघू लागली.

बाबांना जरा वेळ लागला. पण ते हसले.